पायरीवरचा दिवा

“तूं तेथें जाऊन काय दिवे लावणार आहेस?” हा प्रश्न मराठी घरांत बहुधा परीक्षेच्या निकालाच्या सुमारास विचारला जातो, आणि त्याला उत्तराची अपेक्षा नसते. माझ्या वडील बंधूंनीं तो मला माझ्या वयाच्या छपन्नाव्या वर्षीं विचारला, आणि या वेळीं मात्र त्याला अक्षरशः उत्तर देणें भाग होतें. आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या सभागृहाचें गाण्याबजावण्याच्या दालनांत रूपांतर करावयाचें ठरलें होतें. त्याच्या प्रकाशयोजनेसाठीं तिघांची एक समिती नेमण्यांत आली होती, आणि त्या तिघांत इंग्रजी वाङ्मय शिकवणारा मीहि होतों. एक सभासद विजेचा जाणकार, दुसरा पैशाचा जाणकार आणि तिसरा कशाचाच जाणकार नसलेला असला, म्हणजे समितीचें काम सुरळीत चालतें, असा आमच्या वरिष्ठांचा अनुभव असावा.

अण्णांच्या प्रश्नावर घरांतलीं सगळीं हंसलीं. मीहि हंसलों. अण्णा मात्र हंसले नाहींत, आणि त्याचें कारण मला ठाऊक होतें.

आम्ही देहूरोडचे. वडील येथल्या दारूगोळ्याच्या कोठारांत नोकरीला लागले, तेव्हांपासून आमचें बिऱ्हाड या लष्करी वस्तीच्या आसऱ्यानेंच आहे. या गांवाला स्वतःचा असा अंधार नाहीं. एका अंगाला कुंपणावरचे दिवे रात्रभर जागतात. दुसऱ्या अंगाला जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरच्या मालमोटारींचे झोत घराच्या भिंतीवरून फिरत राहतात. आणि पिंपरी-चाकणकडचें आभाळ कारखान्यांच्या उजेडानें मध्यरात्रींहि विझत नाहीं. उजेड म्हणजे पहारा, एवढाच त्याचा अर्थ मला लहानपणीं ठाऊक होता. त्याला दुसरा अर्थ असूं शकतो, हें मला अण्णांनीं दाखविलें.

मी बारा वर्षांचा असतांना ते मला लोकलनें पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला घेऊन गेले. भीमसेन जोशी यांनीं १९५३ सालीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव त्या वेळीं रात्रभर चाले. मंडपांत खालीं बैठक, आम्हां दोघांत मिळून एक शाल, आणि थर्मासांतला चहा. पहांट होऊं लागली कीं, मंडपाच्या कनातींतून उजेड झिरपे आणि व्यासपीठावरचे दिवे कोणीं न मालवतांच फिके पडत. गाणाऱ्याचा सूर आणि बाहेरचा दिवस एकाच वेळीं चढत जात. मला तेव्हां रागांचीं नांवें कळत नव्हतीं. पण सकाळच्या रागाला सकाळच लागते, एवढें कळलें. पुढें, २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले, रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आलें, आणि त्या पहांटा दुर्मिळ झाल्या. आमचें गाणें हळूहळू बंद दालनांत गेलें, आणि त्याचा उजेड सूर्याच्या हातून सुटून माणसाच्या हातीं आला.

चार वर्षांपूर्वीं अण्णा आणि मी अशाच एका बंद नाट्यगृहांत गेलों होतों. कोणत्या, तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तसलीं पुष्कळ आहेत. गाणाऱ्या बाईंनीं पूर्वार्धांत पूरिया गाइला. आंत काळामिट्ट अंधार, व्यासपीठावर एकच पांढरा झोत. मध्यंतर झालें. दार उघडलें आणि बाहेरच्या दालनांतल्या असंख्य उघड्या दिव्यांचा पांढराफेक उजेड एकदम अंगावर आला. दारापासून दालनापर्यंत तीन पायऱ्या होत्या. फरशी पांढरी, पायऱ्याहि पांढऱ्या, आणि चोहों अंगांनीं पडणाऱ्या त्या उजेडांत पायरीला सांवलीसुद्धां उरलेली नव्हती. अण्णांनीं सपाटी समजून पाऊल टाकलें.

मोडलेलें मनगट दीड महिन्यांत सांधलें. पण त्या निमित्तानें झालेल्या तपासणींत डॉक्टरांना दुसरेंच कांहीं आढळलें. अण्णांना काचबिंदू होता. नजरेची कड चोरपावलानें आंत येत होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर ते गाण्याला गेले नाहींत. “घरीं ऐकतां येतें कीं,” असें म्हणत आणि यंत्रावरचें गाणें डोळे मिटून ऐकत बसत. ऐकतांना एखाद्या समेवर त्यांचा उजवा हात दाद देण्यासाठीं उठे, आणि समोर कोणी नाहीं हें ध्यानांत येऊन पुन्हां मांडीवर पडे. मीं तें पुष्कळदां पाहिलें आहे. ‘काय दिवे लावणार’ या प्रश्नामागें ती पायरी होती.

तरुणपणीं आपल्याला वाटतें कीं, डोळा म्हणजे एक खिडकी. उघडली कीं दिसलें. साठीच्या आसपास कळतें कीं, तो एक जुना आणि प्रामाणिक पण सावकाश चालणारा नोकर आहे. उजेड मोजण्याचें माप लक्स. भर उन्हांत तो एक लाख लक्स असतो, आणि पौर्णिमेच्या चांदण्यांत एका लक्सचा जेमतेम चौथा हिस्सा. या दोहोंतहि आपण वाट काढूं शकतों, हें डोळ्याचें मोठेपण. परंतु एकांतून दुसऱ्यांत जातांना तो मुदत मागतो. काळोखांतून उजेडांत येतांना तो थोडक्या वेळांत सांवरतो. उजेडांतून काळोखांत शिरला कीं, पहिलीं आठदहा मिनिटें चांचपडतो आणि पुरता सरावायला अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ घेतो. वय वाढतें तशी बाहुली आंखडते, भिंग पिवळट होतें. विशींतल्या माणसाच्या मानानें साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. आपल्याकडच्या कोणत्याहि संगीतसभेंत मागच्या रांगेंतून समोरच्या डोक्यांकडे पाहावें, आणि तेथें पांढऱ्या केसांची किती बहुमती असते तें मोजावें. ज्यांना मुदतीची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच आपण एका दारांत रात्र आणि दिवस दोन्ही देतों.

म्हणून मला असें वाटूं लागलें कीं, संगीतगृहाचें बाहेरचें दालन, जिना आणि खुर्च्यांमधली वाट हीं केवळ येण्याजाण्याचीं ठिकाणें नव्हेत. डोळ्यांना द्यावयाची मुदत तेथें द्यावयाची असते. हें मला वाटत होतें खरें, पण समितीपुढें ‘वाटतें’ या शब्दाला किंमत नसते. पहिल्या बैठकीला विजेचे जाणकार झुंबरांच्या चित्रांचें एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यांचें म्हणणें, दालन भव्य दिसलें पाहिजे. पैशाचे जाणकार म्हणाले, कमीत कमी दिव्यांत जास्तीत जास्त उजेड पडला पाहिजे. दोघांचेंहि खोटें नव्हतें. मीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

विद्यार्थिदशेंत जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश पंडिताच्या भारतीय स्थापत्यावरील ग्रंथांत कार्ल्याच्या चैत्यगृहांतल्या उजेडाची स्तुति वाचल्याचें मला आठवत होतें. देहूरोडहून मळवली ही लोकलनें तासाच्या आंतली वाट. पण जवळचें तीर्थ नेहमींच राहून जातें. एका रविवारीं मी एकटाच गेलों.

एकवीरेच्या गर्दींतून बाहेर पडून लेण्याच्या ओसरींत शिरलों. डोंगरावरचें ऊन तेथेंच अर्धें होतें. मग दार, आणि मग ती सुमारें सव्वाशे फूट लांबीची, कातळांत कोरलेली कमानदार शाळा. दोन्ही हातांना खांबांच्या रांगा, आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वींच्या लांकडी कमानी. दारावर पिंपळपानाच्या आकाराचें एक प्रचंड गवाक्ष आहे, आणि उजेड येतो तो मुख्यतः तेवढ्याच वाटेनें. आंत शिरणाऱ्याच्या पाठीमागून, डोक्यावरून तो पुढें जातो आणि अगदीं शेवटीं उभ्या असलेल्या स्तूपावर उतरतो. खांबांमागचे दोन्ही मार्ग मात्र अंधुक राहतात. त्यामुळें भिंत कोठें संपते तें कळत नाहीं, आणि आहे त्याहून दालन मोठें वाटतें. फर्ग्युसननें वाखाणलें तें हेंच: उजेडाची जागा एक, त्याचें पडण्याचें ठिकाण एक, आणि बाकीचें सारें त्या मानानें मंद. उजेड कोठून येतो हें पाहावयाचें असेल तर मुद्दाम मागें वळावें लागतें. मीं भोंवतीं कोणी नाहीं असें पाहून हलक्या आवाजांत एक षड्ज लावला. तो मला परत मिळाला, तेव्हां त्यांत पुष्कळच सुधारणा झालेली होती.

हें स्थळ पठणासाठीं आणि वंदनेसाठीं होतें, मैफलीसाठीं नव्हे, हें मी जाणतों. परंतु माणसांना गोलाकार प्रदक्षिणेंत चालवायचें, एका ठिकाणीं पाहायला लावायचें आणि उमटलेला स्वर सर्वांपर्यंत पोंचवायचा, या तीन गरजा तेथेंहि होत्या. त्या भागवतांना त्या अनाम कारागिरांनीं आधीं ओसरी, मग दार, मग दालन अशी उजेडाची उतरण बांधली होती. दिव्यानें टेंभा मिरवूं नये, हें त्यांना विजेच्या कित्येक शतकें आधीं ठाऊक होतें.

परततांना गाडींत मन आपल्या रोजच्या विषयाकडे वळलें. शेक्सपिअरचीं नाटकें ग्लोब नाट्यगृहांत दुपारच्या उघड्या उन्हांत होत. हॅम्लेटच्या आरंभींची मध्यरात्र पहारेकऱ्यांच्या शब्दांनीं पडे. आभाळ मात्र लख्ख असे. नट आणि प्रेक्षक एकमेकांना पाहत, आणि तरीहि भूत दिसे. पुढें नाटक छपराखालीं गेलें, मेणबत्त्या आल्या, तेल आलें, गॅस आला. तरीहि कित्येक पिढ्या प्रेक्षागृहांत उजेड असेच. मंडळी नाटक पाहण्याइतकींच एकमेकांनाहि पाहायला येत. १८७६ सालीं बायरॉइट येथें वाग्नेरनें आपल्या संगीतनाटकासाठीं प्रेक्षागृह काळोखें केलें. वादकवृंद खालीं खड्ड्यांत लपविला, आणि जग एवढें एका चौकटींत उरलें. ऐकणाऱ्यानें शेजाऱ्याला विसरावें, स्वतःलाहि विसरावें, हा त्यामागचा हेतु. त्या कलेला तो शोभलाहि. आज आपण ज्याला ‘नाट्यगृहाचा अंधार’ म्हणतों, त्यावर त्या प्रयोगाची मोठी छाया आहे.

पण त्या अंधाराची दुसरी बाजूहि त्याच युगानें पाहिली. ८ डिसेंबर १८८१ या दिवशीं व्हिएन्नाच्या रिंग नाट्यगृहाला आग लागली. गॅस बंद केला गेला, तेलाचे राखीव दिवे लावलेले नव्हते, आणि शेंकडों माणसें काळोखांत वाट न सांपडून प्राणांस मुकलीं. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाच्या मालकानें, डॉयली कार्टनें, व्यासपीठावर येऊन एक पेटता विजेचा दिवा मलमलीच्या फडक्यांत गुंडाळून फोडला आणि फडकें जळलें नाहीं हें प्रेक्षकांना दाखविलें. भयभीत लोकांना दिव्याची खात्री पटविण्यासाठीं याहून बोलका प्रयोग कोणता असणार! आजहि युरोपांतला दंडक असा आहे कीं, वीज गेली तरी सुटकेच्या वाटेवर, वाटेच्या मध्यावर, निदान एक लक्स उजेड राहिला पाहिजे. एक लक्स म्हणजे चार पौर्णिमांचें चांदणें. माणसाला जीव वांचविण्यासाठीं झुंबर लागत नाहीं.

आपली मैफल मात्र या अंधारांतून जन्मलेली नाहीं. ती दिवाणखान्यांतली, देवळाच्या सभामंडपांतली. समईचा किंवा हंडीचा उजेड गाणाऱ्यावर जितका पडे, तितकाच ऐकणाऱ्यावर. कारण आपल्याकडे ऐकणारा हा गाण्याचा अर्धा भाग असतो. गवई एखादी जागा घेतो आणि लगेच समोरच्या चेहऱ्यांत तिचा पडसाद शोधतो. तो सांपडला तर तीच जागा आणखी फुलते. नाहीं सांपडला तर तो वाट बदलतो. देहूला इंद्रायणीच्या कांठीं कीर्तनाला बसलेल्या कोणालाहि विचारा. बुवांची नजर सभेवरून फिरते तेव्हां पेंगणाऱ्याला ती बरोबर सांपडते, आणि रंगलेल्यालाहि. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून आमच्या संगीत नाटकानेंहि हाच व्यवहार सांभाळला. नाटकमंडळ्यांच्या किटसनच्या बत्त्यांच्या काळांत प्रेक्षकाचा ‘वन्समोअर’ हा काळोखांतून आलेला निनांवी आवाज नव्हता. त्याला चेहरा होता.

दाद शब्दांनीं दिली जाते असें आपण म्हणतों. मला वाटतें, ती आधीं डोळ्यांनीं जाते. ‘वाहवा’ ही तिची पोंच. गाणाऱ्याच्या डोळ्यांवर पांढरा झोत मारून समोर काळोख केला, म्हणजे त्याला खोल विहिरींत गाण्यासारखें वाटत असलें पाहिजे. आपण ज्याला प्रकाशयोजना म्हणतों, तिनें येथें एक संवाद तोडलेला असतो, आणि तो तुटल्याचें दोन्ही बाजूंना कळत नाहीं. गाणारा म्हणतो, श्रोते थंड आहेत. श्रोते म्हणतात, गाणें आज लागलें नाहीं.

हें ओळखणारे लोक झालेच नाहींत असें नाहीं. मुंबईस नरिमन पॉइंटवर १९८० सालीं टाटा थिएटर उघडलें. फिलिप जॉन्सन या अमेरिकन स्थपतीनें तें रचलें आणि सिरिल हॅरिस या ध्वनिशास्त्रज्ञानें त्याचा नाद सांभाळला. भारतीय कलावंताला श्रोत्याची जवळीक लागते, हें सूत्र धरून तेथें सुमारें हजार आसनें व्यासपीठाभोंवतीं पंख्यासारखीं पसरलीं, आणि ध्वनिक्षेपकावांचून स्वर पोंचावा अशी व्यवस्था केली. खुद्द जर्मनींतहि वाग्नेरनंतर शंभर वर्षें होण्यापूर्वींच, १९६३ सालीं, बर्लिनच्या फिलहार्मोनी संगीतगृहांत हान्स शारूननें वादकांना मध्यें बसवून श्रोत्यांना चोहोंकडून बसविलें. म्हणजे ऐकणाऱ्याच्या समोर पुन्हां ऐकणाऱ्याचा चेहरा आला. आणि आमच्या पुण्यांत बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालीं उघडलें, तेव्हांपासून मराठी माणसानें एक गोष्ट सिद्ध करून ठेवली आहे: मध्यंतराला त्याला बटाटेवडा आणि ओळखीचा चेहरा हीं दोन्ही लागतात. हीं दोन्ही सांपडायला बाहेरच्या दालनांत माफक उजेड पुरतो.

पंधरा दिवसांनीं मीं हें सारें समितीपुढें मांडलें. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहांतलीं, ऑस्ट्रियानें दिलेलीं झुंबरें खेळ सुरू होतांना छताकडे वर ओढलीं जातात, हेंहि सांगितलें; केव्हां बाजूला व्हावें, हें तेथल्या झुंबरांनाहि कळतें, असा माझा मुद्दा होता. पैशाच्या जाणकारांनीं ओढणाऱ्या मोटारीची किंमत विचारली, आणि झुंबराचा विषय आपोआप संपला.

विजेच्या जाणकारांविषयीं मात्र मीं मनांत अन्याय केला होता. झुंबराचें पुस्तक मिटतांच त्यांनीं मला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी सांगितल्या. “सर, दिव्यालाहि आवाज असतो,” ते म्हणाले. उजेड कमी करणारें यंत्र, ज्याला डिमर म्हणतात, तें विजेची लाट कापतें. त्यामुळें जुन्या दिव्याची तार बारीक गुणगुणते, आणि ती गुणगुण ध्वनिक्षेपकाच्या तारांतहि शिरते. नव्या दिव्यांत थंडाव्यासाठीं पंखे असतात. नाटकांत ते खपतात, पण तंबोरा जुळत असतांना एक पंखा म्हणजे तिसरा तंबोरा. उष्णतेची गोष्ट तर मजेदार. जुन्या दिव्यांना दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उजेड न होतां उष्णता होई. त्या तापानें तंबोऱ्याच्या तारा सैल पडून उतरत, आणि तबल्याची पुडी सुकून चढे. दोन गाणाऱ्यांत भांडण लावावें तसें तो दिवा दोन वाद्यांत लावी. मग त्यांनीं रंगाचें माप समजाविलें. २७०० केल्विनच्या आसपासचा उजेड जुन्या बल्बासारखा उबदार; ५००० च्या पुढें तो निळसर पांढरा, दवाखान्यांतला. आणि शेवटीं त्यांनीं जें सांगितलें तें मला एखाद्या काव्यविचारासारखें वाटलें: यंत्रानें मोजलेला दहावा हिस्सा उजेड डोळ्याला जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा भासतो. म्हणून दिवे मालवण्याचें खरें कौशल्य शेवटच्या दहाव्या हिश्श्यांत असतें. हलके दिवे तेथेंच दगा देतात. हळूहळू उतरत येतात आणि अखेरच्या पायरीवर एकदम पडतात.

‘अखेरच्या पायरीवर एकदम पडतात’ हे त्यांचे शब्द. त्यांना अण्णांविषयीं कांहीं ठाऊक नव्हतें.

पायऱ्यांचा प्रश्न सोडविला तो मात्र आम्हां तिघांपैकीं कोणींहि नव्हे. काम चालू असतांना एका संध्याकाळीं मी सभागृहांत गेलों होतों. वायरमन एकटाच होता, विशीपंचविशीचा पोरगा. आम्ही सुचविलेले दिवे त्यानें पायरीशेजारच्या भिंतींत गुडघ्याच्या उंचीवर बसविले होते. मला ते छान वाटले. त्यानें मला पायऱ्या उतरायला सांगितलें. उतरलों. मग तो म्हणाला, “आतां सर, काय दिसलें?” मीं म्हटलें, “दिवे.” तो हंसला. “तेंच तर चुकलंय. दिवा दिसायला नको सर, पायरी दिसायला पाहिजे.” दुसऱ्या दिवशीं त्यानें भिंतींतले दिवे काढून प्रत्येक पायरीच्या ओठाखालीं, बाहेरून दिसणार नाहीं अशी एक बारीक पट्टी बसविली. उजेड खालच्या पायरीवर पडूं लागला; वरच्या पायरीची कड त्यावर काळ्या रेघेसारखी उमटली. कार्ल्याच्या गवाक्षाचा धडा मी टिपण करून घेऊन आलों होतों. या पोरानें तो न वाचतां गिरविला.

गेल्या माघांत तेथें पहिली मैफल झाली. अण्णांना मीं कांहीं समजावून सांगितलें नाहीं; “चला” एवढेंच म्हटलें. कां कोणास ठाऊक, ते निघाले. लोकलमध्यें त्यांनीं माझा हात धरला होता. दालनांत शिरल्यावर ते थोडा वेळ उभे राहिले. रस्त्यावरच्या उजेडाच्या मानानें तेथें तिन्हीसांजेएवढा उजेड होता, आणि आंतल्या वाटेवर त्याहून कमी. पायऱ्यांपाशीं आल्यावर त्यांनीं माझा हात सोडला, खालीं पाहिलें, आणि “एक, दोन, तीन” असें मोठ्यानें मोजीत ते एकटे उतरले. लहान मुलासारखें मोजणें मला ऐकवेना. पण मीं तोंड वळविलें नाहीं.

मारवा झाला. प्रेक्षागृहांतले दिवे एकदम गेले नाहींत. दोनअडीच मिनिटें उतरत राहिले, आणि शेजाऱ्याचा चेहरा ओळखूं येईल एवढ्यावर थांबले. एका समेवर अण्णांचा हात उठला. व्यासपीठावरून बाईंनीं आमच्या रांगेकडे पाहून मान किंचित लववली. ती अण्णांसाठींच होती, असें मी शपथेवर सांगणार नाहीं. आमच्या रांगेंत आणखीहि जाणकार होते. पण अण्णांचा हात या वेळीं मांडीवर लगेच परत आला नाहीं.

रात्रीं परततांना, आकुर्डी गेल्यावर, ते म्हणाले, “चांगलें केलेंत. फक्त तिसऱ्या पायरीचा दिवा जरा मंद आहे. सांग त्या वायरमनला.”

दुसऱ्या दिवशीं मीं जाऊन पाहिलें. तिन्ही दिवे अगदीं सारखे होते. मंद काय झालें होतें, तें मला कळलें. अण्णांनाहि बहुधा कळलें असावें. मी वायरमनकडे गेलों आणि अण्णांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यानें पट्टीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं न विचारतां तिसरी पट्टी बदलून अधिक तेजाची बसविली.

आतां ती पायरी इतर दोहोंपेक्षां जरा अधिक उजळ दिसते. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती चूक वाटते, आणि पैशाच्या जाणकारांनीं तसा लेखी शेराहि मारला आहे. ती दुरुस्त करूं नये, असें मीं वायरमनला सांगून ठेवलें आहे.